सिंगरेणी: खाण एक, धनी अनेक

मे १८८३ मध्ये हैदराबाद कॉलेजचे प्राचार्य डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना निजामाच्या राज्यातून हद्दपार करण्यात आले. एडिंबरो विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवलेला हा बंगाली रसायनशास्त्रज्ञ शहरातल्या सुशिक्षितांचा लाडका होता. त्यांची मुलगी सरोजिनी, पुढच्या सरोजिनी नायडू, तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती. अघोरनाथांचा अपराध एवढाच, की एका रेल्वे योजनेची कागदपत्रे लोकांपुढे ठेवा, अशी मागणी त्यांनी मुल्ला अब्दुल कय्यूम यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर केली होती. ही रेल्वे एकीकडे बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, आणि दुसरीकडे चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जाणार होती. इतिहासात ती ‘चांदा रेल्वे योजना’ म्हणूनच ओळखली जाते. हैदराबाद संस्थानातले पहिले सार्वजनिक आंदोलन या रेल्वेवरून झाले आणि त्याच रेल्वेने दक्षिण भारतातल्या सर्वात मोठ्या कोळसा उद्योगाचा रस्ता मोकळा केला.

संस्थानासाठी तो काळ मोठ्या अस्थिरतेचा होता. तीस वर्षे दिवाणगिरी सांभाळणारे पहिले सालारजंग त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. निजाम मीर महबूब अली खान अजून अल्पवयीन होता. १८७४ मध्ये वाडीहून सिकंदराबादला आलेली रेल्वे संस्थानाच्या पैशाने बांधलेली होती आणि तिचा बोजा तिजोरीला सोसवत नव्हता. ती, पुढच्या विस्तारासह, लंडनमध्ये स्थापन होणाऱ्या कंपनीकडे सोपवायची आणि भागधारकांना २० वर्षे पाच टक्के व्याजाची हमी निजाम सरकारने द्यायची, असे ठरले. नफा झाला तर कंपनीचा, तोटा झाला तर रयतेचा, हे विरोधकांना दिसत होते. सालारजंगांच्या हयातीत सुरू झालेली ही बोलणी ते गेल्यानंतरही थांबली नाहीत. १८८३ संपता संपता ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’ कंपनीशी करार झाला. अघोरनाथांना पुढे परत बोलावून कामावर घेतले गेले, पण करार होऊन गेला होता.

रेल्वेची एवढी घाई होण्यामागे कोळसा हे मोठे कारण होते. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण विभागाचे डॉ. विल्यम किंग यांना १८७१ च्या सुमारास खम्मम भागातल्या सिंगरेणी गावाजवळ कोळशाचे थर सापडले होते. भद्राचलमला निघालेल्या यात्रेकरूंनी वाटेत चूल मांडली, चुलीला लावलेले काळे दगडच पेटले आणि ही बातमी साहेबापर्यंत पोहोचली, अशी कथा त्या भागात आजही सांगितली जाते. तिचा पुरावा देता येत नाही. मात्र किंग यांनी प्राणहिता-गोदावरी खोऱ्याची पाहणी करून लिहिलेला अहवाल १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढचे सारे खाणकाम त्याच्या आधाराने झाले. सिंगरेणीच्या एका थराला आजही ‘किंग सीम’ म्हणतात.

हा पट्टा महाराष्ट्राला परका नाही. वरोरा, घुग्गुस, बल्लारपूर या वर्धा खोऱ्यातल्या गोंडवन खडकांचीच रांग प्राणहितेच्या काठाकाठाने दक्षिणेला उतरते आणि गोदावरीच्या दोन्ही बाजूंनी खम्ममपर्यंत जाते. वरोऱ्याला तर इंग्रज सरकारची स्वतःची खाण १८७० च्या दशकातच सुरू झाली होती. त्या काळात मुंबई आणि मद्रास इलाख्यातल्या रेल्वेगाड्या आणि गिरण्या बऱ्याच अंशी विलायतेहून जहाजाने येणाऱ्या कोळशावर चालत. बंगालचा कोळसा दूर होता. दख्खनच्या पोटातच कोळसा निघतो म्हटल्यावर लंडनच्या दलालांचे लक्ष हैदराबादकडे वळले.

त्यातून जे घडले ते सरळ सरळ लूट या नावाला पात्र आहे. १८८६ मध्ये निजाम सरकारने वॉटसन आणि स्टुअर्ट या दोन इंग्रजांना संस्थानातल्या खनिजांचा ९९ वर्षांचा मक्ता दिला. सरकारच्या वतीने बोलणी करत होते गृहखात्याचे सचिव अब्दुल हक, किताबाने सरदार दिलेर जंग. रेल्वे कराराच्या वाटाघाटीही त्यांनीच केल्या होत्या. मक्ता हाती येताच लंडनमध्ये ‘हैदराबाद (डेक्कन) कंपनी’ उभी राहिली. भांडवल दहा लाख पौंड, प्रत्येकी दहा पौंडांचे एक लाख शेअर. त्यातले ८५ हजार शेअर मक्तेदारांनी मक्त्याचा मोबदला म्हणून, एक पैसा न भरता, पूर्ण भरणा झालेले असे दाखवून स्वतःकडे घेतले. खाणी खोदण्यासाठी खरे पैसे उरलेल्या १५ हजार शेअरमधून यायचे होते. मग बाजारात भाव चढवला गेला आणि अब्दुल हकांच्या मध्यस्थीने खुद्द निजाम सरकारनेच आपल्याच खनिजांच्या मक्त्याचे शेअर बारा पौंडांच्या भावाने विकत घेतले. मक्तेदारांच्या नफ्यात अब्दुल हकांचा गुप्त वाटा होता.

प्रकरण बाहेर फुटले आणि १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने त्याच्या चौकशीसाठी प्रवर समिती नेमली. अब्दुल हकांना पद सोडावे लागले. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला, साक्षी झाल्या, अहवाल निघाला. मक्ता मात्र रद्द झाला नाही. रेल्वे योजनेच्या विरोधकांना पाच वर्षे आधी दिसलेला धोका खरा ठरला होता.

तरी खाण सुरू झाली. रेल्वे वरंगळहून पुढे सरकत १८८९ च्या आरंभी बेझवाड्याला भिडली आणि डोर्नकलहून फुटलेली शाखा थेट सिंगरेणी गावाजवळच्या येल्लंदूच्या खाणीच्या तोंडाशी गेली. १८८९ हे उत्पादनाचे पहिले वर्ष. त्या वर्षी साधारण ६० हजार टन कोळसा निघाला. १९०१ पर्यंत हा आकडा सव्वाचार लाख टनांच्या आसपास पोहोचला होता. दक्षिणेकडच्या रेल्वे कंपन्या मोठे गिऱ्हाईक बनल्या. हैदराबाद (डेक्कन) कंपनीच्याच माणसांनी रायचूर भागात, हट्टीला, सोन्यासाठीही खोदकाम केले. सोन्याने १९२० च्या सुमाराला दगा दिला, कोळसा टिकून राहिला.

येल्लंदूच्या खाणीतले काम ‘बोर्ड अँड पिलर’ पद्धतीचे होते. थरात उभ्या-आडव्या गल्ल्या काढायच्या आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब छत पेलायला ठेवायचे. सगळा भाग काढून झाला की मागे सरकत खांबही काढायचे आणि छत खाली बसू द्यायचे. कोळसा घणाने आणि सुरुंगाने फोडायचा, टोपलीने टबात भरायचा, टब ढकलत न्यायचा. दिव्याची उघडी ज्योत, पायाखाली पाणी, वर कधी खाली येईल ते सांगता न येणारे छत. खाणीत उतरणाऱ्यांत आसपासच्या तेलुगू खेड्यांतले लोक होते, तसे उत्तर भारतातून आणलेलेही होते. हिवतापाच्या जंगलात वस्ती वसवून त्यांनी जे शहर उभे केले, त्याचे श्रेय आजवर कोणाच्या नावावर मांडले गेलेले नाही.

पहिल्या महायुद्धानंतर मालकीचे स्वरूप बदलले. २३ डिसेंबर १९२० रोजी हैदराबादच्या कायद्याखाली ‘सिंगरेणी कोलियरीज कंपनी लिमिटेड’ नोंदवली गेली आणि जुन्या लंडन कंपनीची सगळी मालमत्ता आणि देणी तिच्याकडे आली. विक्रीचे काम मद्रासच्या बेस्ट अँड कंपनीकडे होते. म्हणजे नाव हैदराबादचे, नोंदणी हैदराबादची, पण सूत्रे अजून बाहेरच. त्याच वर्षी हैदराबाद शहरात हुसेनसागरच्या काठी औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. शहरातले विजेचे दिवे, पंखे आणि पुढे कारखान्यांच्या मोटारी या कोळशावर फिरू लागल्या.

१९२७ च्या सुमारापासून येल्लंदूचा भार हलका करणाऱ्या दोन नव्या जागा उघडल्या: पूर्वेला कोत्तागुडेम आणि उत्तरेला तांडूर, म्हणजे आजचा बेल्लमपल्ली भाग. बेल्लमपल्ली फळाला आले ते रेल्वेमुळेच. काझीपेठ ते बल्लारशा हा मार्ग १९२९ पर्यंत पूर्ण झाला आणि दिल्ली-मद्रास सरळ जोडले गेले. १८८३ मध्ये ज्या चांदा रेल्वेसाठी एक प्राचार्य हद्दपार झाला, ती चांद्याच्या उंबरठ्यावर पोहोचायला ४६ वर्षे लागली. लगेच, १९३० मध्ये, निजाम सरकारने ती रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. वरंगळची आझमजाही कापड गिरणी, शहाबादचे सिमेंट, सिरपूरचा कागद कारखाना हे सारे पुढेमागे याच रेल्वे-कोळशाच्या आधाराने वाढले. सातव्या निजामाची राजवट अनेक बाबतींत निंद्य होती, पण राज्याचे उद्योग राज्याच्या ताब्यात असावेत ही दृष्टी तिच्या प्रशासनाने ठेवली, हे मान्य करायला हवे.

दुसऱ्या महायुद्धात कोळशाची टंचाई सगळ्या देशाने अनुभवली. १९४५ मध्ये निजाम सरकारने सिंगरेणीचे बहुसंख्य शेअर विकत घेतले. १८८६ मध्ये एका कागदावर दिलेली संपत्ती साठ वर्षांनी पैसे मोजून परत आली. स्वतंत्र भारतात कोळशाचे राष्ट्रीयीकरण व्हायला आणखी पाव शतक जायचे होते, तेव्हा दक्षिणेतला हा सगळा पट्टा एका सरकारच्या मालकीचा झाला होता. पुढे सिंगरेणीचे जे वेगळेपण टिकले त्याचे मूळ या खरेदीत आहे.

खरेदी झाली आणि राज्यच डळमळू लागले. तेलंगणात शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा पेटला होता. कोत्तागुडेमच्या खाणींत कम्युनिस्टांच्या संघटनांनी पाय रोवले होते. हैदराबादेत कवी मखदूम मोहिउद्दीन कामगारांना संघटित करत होते. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर निजामशाही संपली आणि कंपनीचा कारभार नव्या हैदराबाद सरकारच्या औद्योगिक न्यासाकडे गेला. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यरचनेत संस्थानाचे तीन तुकडे झाले. सिंगरेणी आंध्र प्रदेशाच्या वाट्याला आली. आदिलाबाद जिल्ह्यातला राजुरा तालुका मात्र मराठी म्हणून मुंबई राज्यात आला, काही काळ नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्यात गेला. त्याच्याबरोबर सास्ती-पवनीचा कोळसाही आला. सास्तीची खाण आज वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे आहे. एकाच थराचे, एकाच संस्थानाचे दोन भाग अशा रीतीने दोन वेगळ्या व्यवस्थांत वाढले.

१९६० पासून केंद्र सरकारही भागीदार झाले. राज्याचे ५१ टक्के आणि केंद्राचे ४९ टक्के ही वाटणी पुढे कायम झाली. १९७३ मध्ये देशातल्या बहुतेक खासगी खाणी केंद्राने ताब्यात घेतल्या आणि १९७५ मध्ये कोल इंडिया स्थापन झाली, तेव्हा सिंगरेणी तिच्यात सामील झाली नाही, कारण ती आधीच सरकारी होती. चंद्रपूरच्या खाणींचा कारभार नागपूरहून आणि अंतिम निर्णय कोलकात्याहून होऊ लागले. सिंगरेणीचे मुख्यालय कोत्तागुडेमला आणि राजकीय मालक हैदराबादेत राहिला. या जवळिकीचा फायदा झाला, तसा त्रासही झाला. नोकऱ्या, बदल्या, कंत्राटे या सगळ्यांवर मंत्रालयाची सावली पडली.

दरम्यान खाणी गोदावरीच्या काठाने पसरत होत्या. साठच्या दशकाच्या तोंडाशी रामगुंडमजवळ गोदावरीखणी हे नवे शहर वसले. मंदमर्री, श्रीरामपूर, पुढे भूपालपल्ली, मणुगुरू अशी नावे जोडली गेली. कोत्तागुडेमजवळ पालोंचाला औष्णिक केंद्र झाले आणि तिथल्या नोकऱ्यांत स्थानिकांना डावलले जाते या तक्रारीतूनच १९६९ च्या तेलंगण आंदोलनाची ठिणगी पडली. मराठवाड्यातल्या परळी वैजनाथच्या वीजकेंद्रालाही सिंगरेणीचा कोळसा येऊ लागला. निजामाच्या राज्याचे तुकडे झाले तरी कोळशाच्या मालगाड्यांनी जुने नाते राखले होते.

मजूरसंख्या फुगत गेली आणि १९९० च्या आसपास ती लाखाच्या पुढे होती. कष्ट मोठे, अपघात वारंवार, अधिकाऱ्यांची भाषा उर्मट आणि वसाहतींत पाण्याचे हाल. १९८१ मध्ये एका दिवसाच्या संपासाठी आठ दिवसांचा पगार कापण्याच्या नियमाविरुद्ध कामगारांनी तब्बल ५६ दिवस काम बंद ठेवले. मान्यताप्राप्त संघटना मागे पडल्या आणि त्याच वर्षी पीपल्स वॉर या नक्षलवादी गटाच्या प्रभावाखाली ‘सिंगरेणी कार्मिक समाख्या’ जन्मली. पुढची दहा वर्षे खाणपट्ट्याने एकीकडे नक्षल्यांची दहशत आणि दुसरीकडे पोलिसांच्या चकमकी सोसल्या. कधी पगाराच्या चुकीवरून, कधी एखाद्या अधिकाऱ्याच्या वागण्यावरून, वर्षाला शेकडो छोटे-मोठे संप होत.

कंपनी बुडायला आली ती या सगळ्यामुळे, पण केवळ कामगारांमुळे नव्हे. कोळशाचा भाव दिल्लीत ठरत असे आणि भूमिगत खाणीतल्या खर्चाशी त्याचा मेळ नसे. वीज मंडळे पैसे थकवत. कर्जावरचे व्याज वाढत होते. १९९२ मध्ये आणि पुन्हा १९९६ मध्ये सिंगरेणीचे नाव आजारी उद्योगांच्या मंडळाकडे गेले. शंभर वर्षांची कंपनी बंद करण्याची भाषा उघडपणे होऊ लागली.

ती वाचली, आणि कशी वाचली हे नीट पाहण्यासारखे आहे. केंद्र आणि राज्य सरकारांनी कर्जाची फेररचना केली. कोळशाच्या भावावरचे नियंत्रण १९९६ पासून टप्प्याटप्प्याने सुटत २००० मध्ये संपले. सप्टेंबर १९९८ मध्ये सिंगरेणीत पहिल्यांदा गुप्त मतदानाने मान्यताप्राप्त संघटना निवडली गेली आणि कम्युनिस्टांची आयटक जिंकली. डझनावारी संघटनांच्या चढाओढीत रोज उठणारा संप त्यानंतर झपाट्याने कमी झाला. कामगाराला मत मिळाल्यावर खाणीत शांतता आली, ही घटना व्यवस्थापनाच्या पुस्तकांत मिळायला हवी तेवढी जागा मिळवू शकलेली नाही.

आणि मोठा बदल झाला तो जमिनीवर. १९७५ मध्ये सुरू झालेल्या उघड्या खाणी, म्हणजे ओपनकास्ट, आता उत्पादनाचा मुख्य आधार झाल्या. वरची माती आणि खडक ड्रॅगलाइन, शॉवेल आणि डंपरने उपसायचे आणि थर उघडा पाडायचा. भूमिगत खाणीत शेकडो माणसे जे काढत ते इथे थोडी माणसे काढतात. उत्पादन वाढत गेले, मजूर निवृत्त होत गेले. २०२३-२४ मध्ये कंपनीने सात कोटी टनांचा टप्पा गाठला तेव्हा कायम कामगार ४० हजारांच्या आसपास उरले होते. आज उत्पादनाचा फार मोठा वाटा उघड्या खाणींचा आहे आणि भूमिगत खाणी बहुतांशी तोट्यात आहेत.

या हिशेबाची दुसरी बाजू ताळेबंदात येत नाही. उघड्या खाणीला गावे लागतात, जंगल लागते. मातीचे डोंगर उभे राहतात, विहिरी आटतात, सुरुंगाने घरांच्या भिंती तडकतात. चंद्रपूरकरांना हे वेगळे सांगायला नको. आणि भूमिगत खाण संपलेली नाही. १६ जून २००३ रोजी गोदावरीखणीच्या ७ एलईपी खाणीत शेजारच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या भागाचे पाणी आत फुटले आणि १७ कामगार बुडून मेले. जुन्या कामाचे नकाशे आणि पाण्याची मोजणी या साध्या गोष्टींवर माणसांचे जीव अवलंबून असतात, हे त्या दिवशी पुन्हा दिसले.

२०११ मध्ये खाणकामगारांनी आपली ताकद राजकारणाला दाखवली. वेगळ्या तेलंगण राज्यासाठी १३ सप्टेंबरला ‘सकल जनुल सम्मे’, म्हणजे सर्व जनांचा संप, सुरू झाला आणि सिंगरेणीत सुमारे ३५ दिवस काम जवळजवळ थांबले. औष्णिक केंद्रांतले साठे आटले, हैदराबादसह सगळ्या राज्यात वीजकपात झाली आणि दक्षिणेतली इतर राज्येही अडचणीत आली. सरकारी कर्मचारी, शिक्षक, वाहतूक कामगार सगळेच संपात होते, पण दिल्लीला सर्वात जास्त जाणवला तो कोळसा. २ जून २०१४ ला तेलंगण राज्य झाले आणि ५१ टक्के वाटा त्या राज्याकडे आला. २०१६ मध्ये मंचेरियल जिल्ह्यातल्या जैपूरला कंपनीचे स्वतःचे १,२०० मेगावॉटचे वीजकेंद्र चालू झाले. कोळसा खणणारी कंपनी वीज विकू लागली.

नवे राज्य झाले तरी मालकीचा जुना प्रश्न सुटला नाही. कोळसा क्षेत्रांचा लिलाव करण्याचे केंद्राचे धोरण सिंगरेणीलाही लागू झाले. डिसेंबर २०२१ मध्ये सत्तुपल्ली, कोयागुडेम, कल्याणीखणी आणि श्रावणपल्ली ही चार क्षेत्रे लिलावात काढण्याविरुद्ध कामगारांनी तीन दिवसांचा संप केला. २१ जून २०२४ ला लिलावाच्या दहाव्या फेरीचा आरंभ केंद्राने हैदराबादेतच केला, श्रावणपल्ली त्या यादीत होते. ते लिलावाविना सिंगरेणीला द्यावे, अशी मागणी उपमुख्यमंत्री भट्टी विक्रमार्क यांनी त्याच व्यासपीठावरून केली. ज्या कंपनीने एका शतकाहून अधिक काळ हा पट्टा शोधला, खणला आणि त्यासाठी माणसे गमावली, तिने आपल्याच अंगणातल्या थरासाठी खासगी बोलीदारांशी स्पर्धा करावी, हे न्यायाला धरून नाही. पारदर्शकतेसाठी लिलाव हवा हे खरे, पण १८८६ च्या मक्त्यात खासगी मक्तेदार होते आणि पारदर्शकता नव्हती, २०२४ मध्ये राज्याचीच कंपनी समोर असताना तिला बाजूला ठेवण्याचे कारण दिसत नाही.

तेलंगणातले थर कमी होत चालले म्हणून सिंगरेणी बाहेर पडते आहे. ओडिशातल्या अंगुल जिल्ह्यातल्या नैनी खाणीतून एप्रिल २०२५ मध्ये कोळसा निघू लागला. तेलंगणाबाहेरची ही कंपनीची पहिली खाण. जुन्या खाणपट्ट्यात सौर प्रकल्प उभे राहिले आहेत. कर्नाटकातल्या रायचूर भागात, देवदुर्ग क्षेत्रात, सोने आणि तांबे शोधण्याचा परवानाही कंपनीने २०२५ मध्ये मिळवला.

खाणपट्ट्यातल्या घरांमध्ये मात्र मोजणी वेगळी असते. नफ्यातला वाटा दरवर्षी दसऱ्याच्या तोंडावर जाहीर होतो आणि गोदावरीखणी, मंदमर्री, येल्लंदूच्या बाजारपेठा त्याची वाट पाहतात. २०२४ मध्ये राज्य सरकारने ७९६ कोटी रुपये वाटले, कायम कामगाराला सरासरी एक लाख ९० हजारांच्या आसपास मिळाले. त्याच घोषणेत कंत्राटी कामगारांचा उल्लेख पहिल्यांदा आला. तेव्हा ते सुमारे २५ हजार होते. डंपरच्या रस्त्यावर, कोळसा हाताळणीच्या पट्ट्यांवर, वसाहतींच्या सफाईत ते राबतात. त्यांना प्रत्येकी पाच हजार रुपये देण्यात आले.